शब्दवेध : पेशी
गोंडपिपरीच्या तहसील कचेरीत ज्या 'पेशी'साठी पक्षकार हजर राहतो, ती फारसी 'पेश', म्हणजे समोर, यापासून आली. प्रयोगशाळेतील पेशी मात्र संस्कृत असून, सुश्रुताने देहातील मांसपेशी पाचशे मोजल्या, तर चरकाने दुसऱ्या मासातील गर्भाच्या एका रूपासही तेच नाव दिले. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापातील रिकाम्या कप्प्यांवरून 'सेल' ही इंग्रजी संज्ञा योजली. आपला शब्द भरीव मांसपिंडाचा, आणि मला तोच अधिक सार्थ वाटतो. कारण प्रयोगशाळेत पेशी वाढवताना पोषकद्रवाच्या लोंबत्या थेंबात एकमेकींना बिलगून पेशींचा जो गोलक बनतो, तो वाढला की त्याच्या गाभ्यात प्राणवायू तोकडा पडतो, जसा तो कर्करोगाच्या गाठीतही पडतो. म्हणून सपाट काचेवरील पेशींच्या थरापेक्षा या गोलकावर घेतलेली औषधाची परीक्षा देहस्थितीच्या अधिक जवळ जाते.