दोन पिनांचा अ‍ॅम्प्लिफायर

इंदूरला आमच्या गल्लीतला जुना वाडा तीन वर्षांपूर्वी पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून गणेशोत्सव मंडळाचं सामान खाली आलं. उंदरांनी खाल्लेल्या सतरंज्या, दोन पेट्रोमॅक्स बत्त्या आणि राखाडी रंगाची एक जड लोखंडी पेटी. पेटीत ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तांबं, त्यामुळे भंगारवाल्याने आधी तीच काट्यावर ठेवली. मी म्हटलं, "भैया, ये रहने दो." नऊशे रुपये मोजले. बायको म्हणाली, "सगळं आयुष्य बँकेत काढलंत आणि शेवटी भंगारात पैसे गुंतवलेत!"

ती पेटी म्हणजे आमच्या मंडळाचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. आतली तार तापली की वीज वाहू लागते आणि मधल्या जाळीवर आलेला माईकचा क्षीण आवाज त्या मोठ्या प्रवाहाला हलवतो. इंग्लंडच्या मलार्ड कंपनीने १९५४ साली पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला, पुढे वीस वॅटचाही. असले नकाशे बघून आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक पत्रा वाकवून, भोकं पाडून स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधत. आमच्या पेटीवर कंपनीची पट्टी नाही, म्हणजे तीही अशीच कुणाच्या तरी हातची. मागे दोन मोठे ईएल ३४, एक जीझेड ३४ रेक्टिफायर, पुढे दोन छोटे ईसीसी ८३. एका छोट्यावर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप आहे, म्हणजे तो नंतर कधीतरी बदललेला असणार.

इंदूरला आकाशवाणी १९५५ साली आली. त्याच सुमारास गल्लीगल्लीतल्या मांडवांवर भोंगे चढले. त्याआधी कीर्तनकार बुवांचा गळा जिथवर पोहोचेल तिथवर उत्सव. भोंगा आला आणि आरती तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाऊ लागली. परप्रांतात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचं फार अप्रूप होतं. आपली भाषा एवढ्या मोठ्याने ऐकू येणं, ही काय चीज आहे ते पुण्याच्या नातेवाइकांना कधी कळलं नाही. मिलवाल्यांच्या झांक्यांचा थाट अर्थात निराळाच, त्यांच्याशी आमची बरोबरी नव्हती.

आता मुद्द्याचं. १९६३चा गणेशोत्सव, मी बारा वर्षांचा. माझा आतेभाऊ चौदाचा, गळा गोड, दर वर्षी पहिलं पद त्याचंच. चार दिवस सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडून गेला होता आणि ओटा ओला होता. त्याने अनवाणी उभं राहून लोखंडी माईक धरला, पहिली ओळ म्हटली आणि आवाज बंद. भोंग्यातून नुसतं घुंऽऽ. आम्हाला वाटलं, विसरला. मग दिसलं की त्याची मूठ सुटत नाहीये. आमच्या वडिलांनी शेजारच्या गॅलरीतून लोंबणारी वायरच हिसकून काढली, तेव्हा तो खाली पडला. वाचला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग राहिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्यांची बैठक झाली. निर्णय काय, तर मुलाने ओल्या हाताने माईक धरला. तो रडून सांगत होता की मी हात पुसले होते, धोतरालाच पुसले होते. कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून गाणाऱ्याच्या पायाखाली लाकडी पाट ठेवायचा नियम झाला आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर पुढे नऊ-दहा वर्षं वापरला. आतेभाऊ पुढे गणिताचा मास्तर झाला, पण शाळेच्या संमेलनात कुणी माईक पुढे केला की दोन पावलं मागे सरायचा. गाणं तर सुटलंच.

म्हणून ती पेटी मला हवी होती. नुसती हौस नव्हती.

मला यातलं काही येत नाही, मी बी.कॉम. जेल रोडवर एक म्हातारे मिस्त्री भेटले, व्हॉल्व्हच्या काळातले. त्यांनी पहिली अट घातली: "साहब, घर जाके प्लग मत लगाना." मला वाटत होतं, लावून बघू, चालतो का. तेच करायचं नसतं. वर्षानुवर्षं निजलेले फिल्टर कपॅसिटर आतून सुकलेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले तर फुटतात, जाताना ट्रान्सफॉर्मरही नेतात. आत चारशेच्या वर व्होल्ट डी.सी. खेळतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. मिस्त्री आत हात घालताना डावा हात खिशात ठेवत. दोन्ही हात आत असले तर वीज छातीतून जाते.

झाकण उघडलं. रबराची वायर बोट लावताच भुगा होऊन पडली. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून ठेवलेली. आणि मेनच्या एका तारेपासून चासीला जोडलेला एक मेणकागदाचा कपॅसिटर. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, घरघर कमी करायला लावत. त्यांनी त्याचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. जिथे जवळजवळ काहीच दिसायला नको, तिथे आठ हजार ओहम.

भागाकार मला येतो. २३० भागिले ८०००, म्हणजे जवळजवळ २९ मिलिअँपिअर. दहा-पंधराच्या पुढे माणसाची मूठ उघडत नाही. प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही. पिना सरळ लागल्या तर चासी न्यूट्रलकडे, कुणाला काही कळणार नाही. उलट्या लागल्या की फेज थेट चासीवर, चासीवरून माईकच्या जाळीवर. चार दिवस सरळ, पाचव्या दिवशी उलटा. तेव्हा तो कपॅसिटर किती बिघडलेला होता हे आज कोण सांगणार? पण हात कोरडे असते तरी ओल्या ओट्यावर अनवाणी मुलाला तो सोडता ना. अर्थिंगचं कलम १९५६च्या विद्युत नियमांत होतं, आमच्या मांडवात नव्हतं.

नातू इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आबा, मुळात अर्थ नव्हताच, तो घातलात तर रिस्टोरेशन कसलं? जुन्या वस्तूला जुनं राहू द्या." मी म्हटलं, बँकेत लेजरमधली चुकीची नोंद आम्ही ब्लेडने खरवडत नव्हतो. लाल रेघ मारायची, खरी नोंद वर लिहायची आणि सही करायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. तसंच केलं. फिल्टर कपॅसिटरचे जुने डबे वर शोभेला तसेच ठेवले, नवे खाली लपवले. प्रत्येकाला २२० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, म्हणजे बंद केल्यावर मिनिटभरात साठा उतरतो. मेणकागदाचे सगळेच कपॅसिटर बदलले, कारण ते गळले की ईएल ३४ची प्लेट लाल होते. तीन तारांची केबल, हिरवी तार चासीला पक्क्या नटाने, खरा फ्यूज. ट्रान्सफॉर्मरची टॅप २००वर होती, ती २४०वर घेतली, नाहीतर व्हॉल्व्हची तार भाजली असती. बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी. मेनवरचा तो कपॅसिटर बदललाच नाही, काढून टाकला. काय बदललं त्याची यादी झाकणाच्या आत चिकटवली, तारीख आणि सहीसकट.

पहिल्यांदा सुरू केला तो शंभर वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये, स्पीकर जोडून, कारण भाराशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. बल्ब झळकला आणि हळूहळू मंद झाला. मिस्त्री हसले. एक ईएल ३४ मात्र गेलेला निघाला, म्हणून स्लोव्हाकियात बनलेली नवी जोडी मागवली. गिटारवाल्यांच्या कृपेने हे अजून बनतात.

मागच्या गणपतीत आतेभावाला घरी बोलावलं. आता तो सत्तरी ओलांडलेला. अ‍ॅम्प्लिफायर दाखवायच्या आधी मी त्याच्या तळहातावर तो मेणकागदाचा कपॅसिटर ठेवला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ तो चष्मा वर करून त्याकडे बघत राहिला.

"म्हणजे हात पुसलेले होते," तो म्हणाला.

"होते रे."

मग त्याने खिशातून टेस्टर काढला. मास्तर सोबत टेस्टर घेऊन आला होता! माईकच्या जाळीला लावला, दिवा लागला नाही. प्लग काढून त्याच्या तिन्ही पिना बघितल्या, परत लावला, परत टेस्टर. मग माईकसमोर खोकला आणि नातवाला म्हणाला, "आवाज जरा कमी कर. आता गळा तेवढा नाही राहिला."