रॉचडेलचे विणकर आणि निर्भेळ अन्न

गरिबाला चांगलें अन्न कां मिळत नाहीं, या प्रश्नाला ‘त्याच्याजवळ पैसा नसतो म्हणून’ असें उत्तर सहज दिलें जातें. तें खोटें नाहीं. परंतु पुरतें खरेंहि नाहीं. इंग्लंडांतील लँकॅशायर परगण्यांतल्या रॉचडेल गांवच्या विणकरांनीं एकोणिसाव्या शतकांत या प्रश्नाचा जो उलगडा केला, त्यांत पैशाच्या जोडीला उधारीचा आणि मालकीचाहि विचार होता.

रॉचडेल हें फलालीन विणणारांचें गांव. यंत्रमागांच्या चढाओढींत हातमागवाल्यांची मजुरी घसरत गेली होती. हातीं पडलेली मजुरी मागील देणें फेडण्यांत संपे आणि पुढचा जिन्नस पुन्हां उधारीवर आणावा लागे. ज्याचें देणें डोक्यावर आहे, त्याच्या मापाला अगर मालाला नांवें ठेवण्याची सोय ऋणकोला नसते. आणि त्या काळचा माल तर फारच वाईट. पाव पांढरा दिसावा म्हणून पिठांत तुरटी मिसळीत. दुधांत पाणी घालीत. एकदां उकळलेली चहाची पत्ती वाळवून, रंगवून पुन्हां विकीत. फ्रेडरिक अ‍ॅक्कम या रसायनशास्त्रज्ञानें १८२० सालींच या भेसळीवर ग्रंथ लिहून लोकांस सावध केलें होतें. परंतु रोख पैसे टाकून दुसऱ्या दुकानीं जाणें ज्याला शक्य, त्यालाच त्या सावधगिरीचा उपयोग!

रॉचडेलच्या कामकऱ्यांनीं १८३३ सालीं स्वतःचें एक दुकान काढून पाहिलें होतें. तें उधारीपायीं दोन वर्षांत बुडालें. हा धडा पुढच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवला. विणकर व इतर कारागीर मिळून २८ जण एकत्र आले असें मानतात. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून त्यांनीं २८ पौंड भांडवल जमविलें, आणि १८४४ च्या २१ डिसेंबरला, शनिवारीं संध्याकाळीं, टोड लेन नांवाच्या गल्लींत एका वखारीच्या तळमजल्यावर दुकान उघडलें. माल किती? लोणी २८ रत्तल, साखर ५६ रत्तल, गव्हाचें पीठ ६७२ रत्तल, ओटच्या पिठाचें एक पोतें आणि थोड्या मेणबत्त्या. तो थाट पाहून बाहेर जमलेल्या पोरांनीं हुर्यो केली, असें सांगतात.

हुर्यो करणारांस दुकान दिसलें, त्यामागचे नियम दिसले नाहींत. माल निर्भेळ द्यावयाचा व माप पुरें भरावयाचें, हा पहिला. भाव बाजारचाच, पण व्यवहार रोखीचा. उधारी कोणालाहि नाहीं, हा दुसरा. दर तिमाहीस उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली असेल तितक्या प्रमाणांत त्याला परत, हा तिसरा. आणि भाग कितीहि असोत, मत प्रत्येकाला एकच; स्त्रियांनाहि तें होतें. जो खाणारा तोच मालक झाला, तेव्हां पिठांत तुरटी घालून फसवावयाचें कोणाला?

१८४५ अखेर सभासद ७४ होते व वर्षाची विक्री ७१० पौंडांची. १८६० सालीं सभासद ३,४५० झाले व विक्री १,५२,०६३ पौंडांवर गेली. मध्यंतरीं, १८५० सालीं, सहकारी पिठाची गिरणीहि निघाली. नफ्याचा चाळिसावा हिस्सा शिक्षणासाठीं राखून त्यांतून ग्रंथालय व वाचनालय चालविण्यांत आलें.

सरकारी कायदा मात्र रेंगाळत आला. डॉ. हॅसल यांनीं १८५१ ते १८५४ या काळांत लंडनमधील खाद्यपदार्थ तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत भेसळीचे पुरावे प्रसिद्ध केले, तेव्हां १८६० सालीं पहिला कायदा झाला. आणि त्याला खरी धार आली ती १८७५ च्या कायद्यानें. विणकरांचें दुकान त्याआधीं तीस वर्षें निर्भेळ पीठ विकीत होतें.

या यशाला एक मर्यादा होती, ती झांकून चालणार नाहीं. रोखीच्या ज्या नियमानें दुकान तगलें, त्याच नियमानें अत्यंत निर्धनांस तें दार बंद राहिलें. ज्याचें कामच सुटलें, त्यानें रोकड आणावी कोठून? अशा घरांतील मुलांस शाळेंत जेवण देण्याचा अधिकार इंग्लंडांतील स्थानिक शिक्षणमंडळांस १९०६ च्या कायद्यानें मिळाला. जेथें स्वावलंबनाचा हात पोंचत नाहीं, तेथें समाजानें हात पुढें केला पाहिजे, हें त्या देशाला उमगण्यास इतका काळ लागला.

हिंदुस्थानांत १९०४ च्या सहकारी कायद्यानें केवळ पतपेढ्यांस वाट दिली होती. १९१२ च्या कायद्यानें ग्राहकांच्या भांडारांसहि ती मोकळी झाली. मुंबईच्या गिरणगांवांत, नायगांव येथें, १९४८ सालीं कामगारांनीं जें भांडार उभें केलें, तेंच पुढें ‘अपना बाजार’ म्हणून नांवारूपास आलें. अशा प्रत्येक भांडाराची परीक्षा टोड लेनमधील त्या तळमजल्याच्याच कसोटीवर व्हावयाची : माल निर्भेळ आहे काय, माप पुरें आहे काय, आणि शेवटच्या गरिबापर्यंत तें पोंचतें काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें रॉचडेलच्या विणकरांनीं दिलीं. तिसऱ्याचें उत्तर प्रत्येक पिढीला नव्यानें द्यावें लागतें.