फायर पॅनेल निवडताना : घंटा वाजली तर ऐकणार कोण, हे आधी ठरवा

मणिबेली (ता. अक्कलकुवा) : निवडणूक आली की राज्यातील मतदान केंद्र क्रमांक १ म्हणून मणिबेलीचे नाव सगळीकडे येते. बाकीच्या दिवसांत इथली मोठी अडचण म्हणजे दवाखाना गाठणे. नर्मदाकाठच्या पाड्यावरून आजारी बाळ न्यायचे तर आधी बोट, मग मोलगी, पुढे देवगोई घाट उतरून अक्कलकुवा आणि तिथूनही पुढे नंदुरबार. एवढी वाट काढून बाळ एकदाचे काचेच्या पेटीत ठेवले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्याच खोलीत रात्री दोन वाजता धूर झाला तर सगळ्यात आधी कोणाला कळणार?

हे कळवण्याचे काम भिंतीवरच्या एका लाल डब्याचे असते. त्याला फायर पॅनेल म्हणतात. मोठे दवाखाने, वसतिगृहे, जिनिंग, गोदामे, लॉज अशा ठिकाणी तो लागतो. तो निवडताना बहुतेक जण किंमत बघतात. खरे तर आधी बघायची गोष्ट वेगळी आहे.

भंडाऱ्याच्या रात्रीने काय शिकवले

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचली, १० दगावली. त्यातली काही भाजून गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून दहाहून जास्त रुग्णांचा प्रत्येक ठिकाणी जीव गेला.

अशा आगीत ज्वाळेच्या आधी धूर मारतो. व्हेंटिलेटरवरचा माणूस आणि पेटीतले बाळ स्वतः उठून पळू शकत नाही. त्यांना उचलून न्यायला माणसे लागतात आणि माणसांना वेळ लागतो. धूर खोलीभर होण्याआधी कळले तर तो वेळ मिळतो. पॅनेल त्यासाठीच असते.

पॅनेल काम कसे करते

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. विहिरीवरच्या मोटरला जसा स्टार्टर, तसे आगीच्या यंत्रणेला पॅनेल. छतावरचे डिटेक्टर धूर किंवा उष्णता ओळखतात. भिंतीवर काच फोडून दाबायची लाल डबी असते. दोन्हींच्या वायरी पॅनेलला येतात. खबर आली की पॅनेल हूटर वाजवते, कोणत्या भागात आग आहे त्याचा दिवा लावते आणि जोडणी केली असेल तर एसी बंद करणे, लिफ्ट खाली आणणे, गॅस सोडणे अशी कामे करते.

चांगले पॅनेल आणखी एक काम करते, ते म्हणजे स्वतःच्या वायरीवर लक्ष ठेवणे. प्रत्येक वायरच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर बसवतात. उंदराने वायर कुरतडली किंवा कोणी डिटेक्टर काढून नेला की पॅनेलला ते कळते आणि पिवळा दिवा लागतो. हा रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरजवळ न बसवता पॅनेलच्या आतच बसवला असेल, तर वायर तुटली तरी पॅनेल सगळे ठीक दाखवते. काम ताब्यात घेताना हे उघडून बघावे.

प्रकार तीन

साधे म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनेल : यात इमारतीचे भाग पाडतात, त्यांना झोन म्हणतात. आग लागली की ‘झोन ३’ एवढेच कळते, खोली शोधावी लागते. पाच-दहा खोल्यांचा दवाखाना, छोटे गोदाम, लहान लॉज यांना हे पुरते. स्वस्त असते आणि तालुक्याचा इलेक्ट्रिशियनही समजून घेऊ शकतो.

अ‍ॅड्रेसेबल पॅनेल : यात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. ‘पहिला मजला, बाळांचा कक्ष’ असे नाव पडद्यावर येते. अनेक मजले, अनेक वॉर्ड असतील तर हेच घ्यावे, कारण शोधाशोधीत मिनिटे जातात. मात्र त्याला प्रोग्रॅमिंग लागते. पासवर्ड आणि खोल्यांची यादी मालकाच्या हातात लेखी घ्यावी, नाहीतर पुढे प्रत्येक बदलाला तीच कंपनी बोलवावी लागते.

गॅस सोडणारे पॅनेल : सर्व्हर रूम, वीज पॅनेलची खोली, जुन्या कागदपत्रांची खोली अशा ठिकाणी पाण्याऐवजी गॅसने आग विझवतात. या पॅनेलला एका डिटेक्टरच्या सांगण्यावर गॅस सोडू देऊ नये. दोन वेगळ्या डिटेक्टरनी खबर दिली तरच सोडावा. त्याआधी हूटर वाजून माणसांना बाहेर पडायला काही सेकंद मिळावेत आणि दाराजवळ गॅस थांबवण्याचे बटण असावे. कार्बन डायऑक्साइड आग विझवण्याइतका सोडला तर माणूसही मरतो. म्हणून वॉर्डात किंवा माणसे झोपतात अशा खोलीत त्याची आपोआप सुटणारी यंत्रणा बसवूच नये.

जागा तसे डिटेक्टर

पॅनेल कितीही भारी असले तरी चुकीचा डिटेक्टर लावला की रोज खोटी घंटा वाजते. आठ दिवसांत कोणीतरी कंटाळून हूटरची वायर काढतो. मग खऱ्या आगीत पॅनेल मुकेच राहते.

- दवाखान्याचा वॉर्ड, वसतिगृहाच्या झोपायच्या खोल्या : धुराचे डिटेक्टर.
- स्वयंपाकघर : उष्णतेचे डिटेक्टर. फोडणीच्या धुराने धुराचा डिटेक्टर वाजतच राहील.
- जिनिंग : हवेत कापसाची तूस असते, साधा धुराचा डिटेक्टर टिकत नाही. इथे उष्णतेचे डिटेक्टर आणि कापूस ओढणाऱ्या पाइपात ठिणगी ओळखणारे डिटेक्टर उपयोगाचे. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी पडते आणि ती गाठीत तासन्‌तास धुमसत राहू शकते.
- मिरचीचे गोदाम : धूळ जास्त, म्हणून डिटेक्टर ठराविक दिवसांनी साफ करण्याचा करार आधीच करावा.

बॅटरीचा हिशेब घरच्या घरी

आपल्या भागात पॅनेलची खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पावसाळ्यात सातपुड्यात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. पॅनेलमध्ये साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. बॅटरी किती मोठी हवी, हा हिशेब असा :

समजा पॅनेल शांत असताना ०.२ अँपिअर खाते आणि हूटर वाजताना १ अँपिअर. वीज नसताना २४ तास टिकायला हवे असेल तर ०.२ गुणिले २४ म्हणजे ४.८. त्यानंतर अर्धा तास हूटर वाजायला ०.५. एकूण ५.३. बॅटरी जुनी होते म्हणून त्यात पाव हिस्सा वाढवला की साधारण ६.६. म्हणजे ७ अँपिअर-तासाची बॅटरी लागते.

तेच ४८ तासांसाठी केले तर साधारण १२.६ येते. म्हणजे ७ ची बॅटरी चालणार नाही, १७ किंवा १८ ची घ्यावी लागेल. धडगाव, मोलगीसारख्या ठिकाणी ४८ तासांचाच हिशेब धरावा. कोटेशनमध्ये नुसते ‘बॅटरी बॅकअपसहित’ लिहिले असेल तर ते मान्य करू नये. किती अँपिअर-तास, किती तास, हे आकड्यात लिहून घ्यावे. बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, तो खर्चही आधीच धरावा.

विजेच्या चढउताराने आणि कडाडणाऱ्या विजेने पॅनेलचे कार्ड जळते. चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर असल्याशिवाय महागडे पॅनेल बसवण्यात अर्थ नाही.

मोबाइलवर भरवसा किती

आजकाल पॅनेलला सिमकार्ड लावून मालकाला फोन, एसएमएस जातो. ही सोय चांगली आहे, पण जोडीला. शहाद्यात, नंदुरबारात ती चालेल. टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही तिथे एसएमएस दुसऱ्या दिवशी पोचेल. हूटर मात्र रेंज विचारत नाही. आणि मालकाला फोन गेला तरी तो तासाभराच्या अंतरावर असेल तर बाळाला उचलणार कोण? म्हणून पॅनेल रात्री माणूस जागा असतो त्या टेबलाजवळ बसवावे. कुलूपबंद ऑफिसात किंवा जिन्याखाली बसवलेले पॅनेल कोणालाच ऐकू येत नाही. पॅनेल एकाच जागी ठेवावे लागत असेल तर नर्सच्या टेबलाजवळ त्याचा जोड-पडदा घ्यावा.

पंपाचे पॅनेल वेगळे

पाण्याची यंत्रणा असेल तर पंपाच्या खोलीत आणखी एक पॅनेल असते. छतावरच्या स्प्रिंकलरची काचेची नळी साधारण ६८ अंशाला फुटते आणि पाणी पडू लागते. त्यासाठी फायर पॅनेलची गरज नसते. पाणी सुटले की पाइपातला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू व्हायला हवा. पण स्विच ‘ऑटो’वर नसून ‘मॅन्युअल’वर ठेवलेला असेल तर पंप सुरूच होत नाही. खबर घेणारे पॅनेल चालू, पंपाचा स्विच बंद, असे असेल तर हूटर वाजेल पण पाणी येणार नाही. म्हणून पंपाचा स्विच ऑटोवरून हलला की फायर पॅनेलवर पिवळा दिवा लागेल अशी जोडणी मागावी. थ्री-फेजचा भरवसा नसेल तिथे डिझेल पंपही लागतो.

कोटेशन घेताना हे विचारा

१. पॅनेल आणि डिटेक्टर एकमेकांना जुळणारे, प्रमाणित आहेत का? काम आयएस २१८९ या भारतीय मानकाप्रमाणे होणार का?
२. बिघाड झाला तर माणूस कुठून येणार, किती तासांत? सुटे भाग कुठे मिळतात?
३. पुढे खोल्या वाढल्या तर पॅनेलमध्ये जागा शिल्लक आहे का?
४. पडद्यावरची भाषा रात्रपाळीच्या माणसाला वाचता येते का? नसेल तर शेजारी मराठीत तक्ता लावून देणार का?
५. खऱ्या धुराची चाचणी मालकासमोर, मेन स्विच बंद करून, फक्त बॅटरीवर करून दाखवणार का?

पाचव्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल त्याला काम देऊ नये.

दवाखान्यात गेलात तर दिवे बघा

पॅनेल विकत घेणारे थोडे, पण त्याच्या भरवशावर झोपणारे आपण सगळे. रुग्णासोबत गेलेल्या कोणालाही हे बघता येते. हिरवा दिवा म्हणजे वीज चालू. लाल म्हणजे आगीची खबर. पिवळा म्हणजे बिघाड, नाहीतर एखादा भाग किंवा आवाज बंद करून ठेवलेला. कायम पिवळा दिवा लागलेले किंवा सगळे दिवे विझलेले पॅनेल दिसले तर तिथल्या प्रमुखांना सांगावे, ऐकले नाही तर लेखी द्यावे. रुग्ण कल्याण समिती, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे कायद्यात येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची असते. तसे परवानाप्राप्त एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. समितीच्या बैठकीत एवढेच विचारावे : या वेळचा नमुना ब कुठे आहे?

जिथे पॅनेल नाही, तिथे

कुडाच्या भिंतीची शाळा, एक-दोन खोल्यांचे उपकेंद्र इथे पॅनेलवर पैसा घालण्याआधी बाकीच्या गोष्टी कराव्यात. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. म्हणून चूल झोपायच्या खोलीपासून लांब असावी, दोन दारे असावीत, रात्री बाहेरून कडी लावू नये. पाण्याच्या व वाळूच्या बादल्या आणि चालू स्थितीतले अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावेत. लोखंडी टोल टांगावा आणि तो वाजला की मुलांनी कोणत्या झाडाखाली जमायचे हे महिन्यातून एकदा करून बघावे.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांत बंब लवकर पोचू शकतो. बोटीने जावे लागणाऱ्या पाड्यात त्याची वाट बघता येत नाही. बंब जितका लांब, तितकी पहिली काही मिनिटे महत्त्वाची. आग दिसली की १०१ किंवा ११२ वर फोन करावाच, पण त्याआधी माणसे बाहेर काढावीत.

पॅनेल दहा हजारांचे असो की पाच लाखांचे, बसवल्यावर एकदा रात्री दोन वाजता, लाइट बंद करून वाजवून बघावे. किती माणसे जागी झाली आणि किती मिनिटांत शेवटचा रुग्ण दाराबाहेर आला, हे मोजावे. पॅनेल बरोबर निवडले की नाही, ते त्यावरून कळते.