इंजिनाला वरून चिप लावावी का?

‘डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये हा एवढासा प्लग बसवा, गाडीची ताकद वाढेल आणि इंधनही वाचेल’, अशी जाहिरात आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. घ्यावी का ही चिप? या प्रश्नाचे उत्तर तिच्या किमतीत सापडत नाही. त्यासाठी इंजिनाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

पेट्रोल इंजिन जितके पेट्रोलवर चालते तितकेच हवेवरही चालते, हे आपण विसरतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर क्षमतेचे साधे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे फार तर एक लिटर, म्हणजे सुमारे १.२ ग्रॅम हवा आत घेते. एवढ्या हवेत जेमतेम ०.०८ ग्रॅम पेट्रोल जळू शकते. त्याहून बरेच जास्त ओतले, तर ते अर्धवट जळून धुराबरोबर बाहेर पडते.

हवा आणि पेट्रोल यांचे हे प्रमाण सांभाळण्याचे काम अनेक दशके कार्ब्युरेटरकडे होते. अरुंद नळीतून वाहताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. युक्ती साधी आणि स्वस्त. पण इंजिन थंड असले, गाडी चढावर असली किंवा उंचावर हवा विरळ झाली, की प्रमाण बिघडे. या उणिवेवरच ‘जादूच्या’ उपकरणांचा बाजार उभा राहिला. १९३० च्या दशकात कॅनडाच्या चार्ल्स पोग यांनी आपल्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली. त्यावर गाडी गॅलनला २०० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७० किलोमीटर धावते, असा गाजावाजा झाला. तसा कार्ब्युरेटर बाजारात मात्र कधीच आला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा उपकरणांचे पेवच फुटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक उपकरणे तपासली; त्यांपैकी एकानेही लक्षणीय इंधन वाचवले नाही.

खरी सुधारणा दुसऱ्याच दिशेने आली. १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. १९७६ मध्ये व्होल्वोने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा संवेदक वापरला. आता मिश्रण बरोबर जळाले की नाही, हे इंजिनाला स्वतःच कळू लागले. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत इंधन आणि ठिणगी या दोन्हींवर देखरेख करणारा एकच संगणक आला. इतक्या फेऱ्या, इतका भार, तर इतके इंधन, असा तक्ता त्याच्या स्मृतीत असतो. त्याला ‘मॅप’ म्हणतात. हा तक्ता एका चिपवर नोंदलेला असे. ती काढून दुसरी बसवण्याचा धंदा पुढे सुरू झाला आणि ‘चिप’ हा शब्द तिथूनच रूढ झाला.

१९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीत बिघाड वाचण्यासाठी एक ठरावीक सॉकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे अशी व्यवस्था २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. जाहिरातीतला प्लग बसतो तो याच सॉकेटमध्ये. असे काही स्वस्त प्लग अभियंत्यांनी उघडून पाहिले, तेव्हा आत लुकलुकणारे दिवे होते. गाडीच्या संगणकाशी बोलण्याची सोयच नव्हती. मुळात प्रत्येक इंजिनाचा तक्ता निराळा असताना एकच प्लग सर्वांना कसा चालावा?

दुसरा प्रकार रोधकाचा. आत येणारी हवा आहे त्याहून थंड आहे, असे तो संगणकाला भासवतो. थंड हवा दाट असते, म्हणून संगणक इंधन वाढवतो. पण नेहमीच्या चालीत ऑक्सिजन संवेदक जादा इंधन लगेच ओळखतो आणि ते पुन्हा कमी करवतो.

तिसरा प्रकार मात्र खरोखर काम करतो. १९९७ पासून मोटारींमध्ये कॉमन-रेल डिझेल इंजिने आली. दाबाचा संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये एक डबी बसवायची. ती दाब कमी असल्याची खोटी खबर देते. संगणक दाब वाढवतो आणि जास्त डिझेल फवारले जाते. टर्बोमुळे अशा इंजिनात हवा मुबलक असते, म्हणून ताकद वाढते.

मग बिघडले कुठे? कंपनीने राखलेली ती शिल्लक निरुपयोगी नसते. मे महिन्यातला घाट, भेसळीचे इंधन, झिजलेला क्लच यांच्यासाठी ती ठेवलेली असते. ती आजच खर्च केली, तर टर्बो आणि क्लच लवकर जातात आणि वॉरंटीही धोक्यात येते. शिवाय धूर वाढतो, तो इतरांच्या फुप्फुसांत जातो. अमेरिकेत दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली, असा अंदाज त्याच संस्थेने २०२० मध्ये दिला. तिथेही संगणकाचा तक्ता बदलणे हा या उद्योगाचाच भाग होता.

म्हणून आमचे उत्तर असे: टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला चिप घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, टर्बो गाडीला ती ताकद देते, पण उधारीवर. इंधनच वाचवायचे असेल, तर टायरमध्ये योग्य हवा ठेवावी आणि गाडी संथ, एकसारख्या वेगाने चालवावी.

वर्गात अशी जाहिरात घेऊन मुलांना तीनच प्रश्न विचारावेत. जादा हवा कुठून येणार? संगणकाला खरे सांगितले जाते की खोटे? आणि फायदा एकाचा झाला, तर धूर कोणाचा?