अर्ध्या भत्त्याचें प्रकरण

घरभाडें-भत्ता हा शब्द नोकरदार कुटुंबांत पगाराच्या दिवशीं हटकून निघतो. याच भत्त्यापायीं कंपनी सरकारचे गोरे अधिकारी एकदां आपल्याच गव्हर्नर-जनरलवर रुसून बसले होते, हें मात्र फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं.

बंगालच्या फौजेंतील अधिकाऱ्यांस पगाराखेरीज भत्ता मिळे. छावणींत सरकारी बिऱ्हाड मिळालें तर तो अर्धा, असा जुना रिवाज होता. इ. स. १८०१ मध्यें सरकारनें घरांचा खर्च अंगावेगळा केला: अधिकाऱ्यांनीं आपलीं घरें आपण पहावीं आणि मोबदल्यांत पूर्ण भत्ता घ्यावा, असा सौदा ठरला. अधिकाऱ्यांनीं बंगले बांधले, विकत घेतले. बदली झाली कीं तेच नव्या येणाऱ्याच्या गळ्यांत घातले.

पुढें ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धानें (१८२४-२६) तिजोरीला मोठें भोंक पाडलें. भत्ता तोडण्याचा लंडनच्या डायरेक्टरांचा हुकूम मार्क्विस हेस्टिंग्ज व लॉर्ड ॲमहर्स्ट यांनीं अंमलांत आणला नव्हता; तें काम लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या वांट्यास आलें. २९ नोव्हेंबर १८२८ रोजीं आज्ञा निघाली. बराकपूर, डमडम, बहरामपूर, दानापूर अशा ठाण्यांवर भत्ता अर्धा झाला व त्याऐवजीं घरभाडें पुन्हां सुरू झालें. पण भाडें म्हणून हातीं येई तें थोडें, भत्त्यांतून जाई तें पुष्कळ. आणि १८०१ च्या विश्वासावर घेतलेले बंगले तर गळ्यांतच राहिले. सरकारनें वचन मोडलें, ही तक्रार खोटी नव्हती. आणि एवढें करून वांचले किती? वर्षाकांठीं वीस हजार पौंडसुद्धां नाहींत!

सेनापति लॉर्ड कंबरमीअर यानें विरोध केला. मुलकी अधिकाऱ्यांच्याहि प्राप्तीला कात्री लागली होती. त्यामुळें कातरणारा डचमन असें टोपणनांव बेंटिंकला चिकटलें, कारण त्याचें घराणें मूळचें हॉलंडचें. अर्ज विलायतेस गेले, वर्तमानपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला.

ज्या बराकपुरास हा अर्धा भत्ता लागू झाला, तेथेंच नोव्हेंबर १८२४ मध्यें ४७ व्या पलटणीच्या शिपायांनीं ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठीं सामान वाहण्याची सोय मागितली होती. महिना सात रुपयांचा तो शिपाई. स्वतःची झोंपडीहि त्यानेंच उभारावयाची. शिपाई हुकूम मानीनात, तेव्हां त्यांच्यावर तोफा डागण्यांत आल्या आणि पुढाऱ्यांस फांसावर चढविण्यांत आलें. साहेबांच्या तक्रारीस मात्र टपालानें उत्तर मिळालें, तेंहि दीड-दोन वर्षांनीं.

तें उत्तर १८३० मध्यें आलें आणि नकाराचें होतें. तोंपर्यंत बेंटिंकनें वर्तमानपत्रांस मोकळीक दिली होती. आतां त्या निकालाची चर्चा छापूं नये, असें फर्मान सुटलें. कौन्सिलांतील सर चार्ल्स मेटकाफनें त्यास विरोध नोंदविला. हाच मेटकाफ १८३५ मध्यें हंगामी गव्हर्नर-जनरल झाला, तेव्हां त्यानें हिंदुस्थानांतील छापखान्यांवरील परवान्याचें बंधन काढून टाकलें. अधिकाऱ्यांचा अर्धा भत्ता मात्र परत आला नाहीं.