रस्त्यानें दुभंगलेलें रान

गांवाला रस्ता आला म्हणजे गांवाचें दैव उघडलें, असें आपण मानतों, आणि तें बहुधा खरेंहि ठरतें. परंतु रस्ता न येणें हेंच ज्याचें दैव, असाहि एखादा प्रदेश असूं शकतो. अमेरिकेंतील अशाच एका डोंगराळ अरण्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर त्या देशांत मोटारी वाढल्या आणि जंगलांतून सडका जाऊं लागल्या. १९१९ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील ट्रॅपर्स सरोवराभोंवतीं रस्ता व उन्हाळी घरांच्या जागा आंखण्यासाठीं वनखात्यानें आर्थर कारहार्ट या तरुण नोकरास धाडलें. त्यांनीं पाहणी केली आणि परत येऊन सांगितलें कीं, येथें कांहींएक बांधूं नये. त्याच वर्षीं डिसेंबरांत न्यू मेक्सिकोकडील वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड त्यांना डेन्व्हर शहरीं भेटले. दोघांचेंहि मन एकाच दिशेला वळलेलें होतें. घोड्याखेचरांवर सामान लादून पंधरा दिवस हिंडतां येईल एवढें सलग रान असावें, त्यांत रस्ता नसावा, घर नसावें, ही कल्पना लिओपोल्डांनीं १९२१ सालीं लेखांत मांडली. ३ जून १९२४ रोजीं न्यू मेक्सिकोंतील हीला नदीच्या उगमाकडील सुमारें ७,५५,००० एकर रान या रीतीनें राखण्यांत आलें.

येथवरची कथा विजयाची. पुढील मात्र मनाला चटका लावणारी आहे. लांडगे मारले कीं हरणें वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, असें त्या काळीं वनाधिकारी समजत. तरुणपणीं लिओपोल्डहि त्याच मताचे होते. लांडगे नाहींसे झाले. हरणें खरोखरच वाढलीं, इतकीं कीं त्यांनीं झाडोरा ओरबाडून टाकला. मग हरणें कमी करावयास शिकारी हवेत, आणि शिकाऱ्यांना मोटारीची वाट हवी! राखलेल्या रानांतूनच नॉर्थ स्टार नांवाचा रस्ता निघाला आणि एका रानाचीं दोन रानें झालीं.

ही चूक लिओपोल्डांनीं लपविली नाहीं. आपण मारलेल्या लांडगिणीवर त्यांनीं १९४४ सालीं निबंध लिहिला. १९४८ सालीं शेजाऱ्याच्या शेतांतील आग विझवितांना त्यांना मृत्यु आला.

१९६४ च्या कायद्यानें हीलासह ९१ लक्ष एकर अरण्यास कायमचें संरक्षण मिळालें. १९८० सालीं रस्त्यापलीकडील पूर्वेच्या रानास लिओपोल्डांचें नांव दिलें गेलें. १९९८ पासून शेजारच्या ॲरिझोनांत लांडगे पुन्हा सोडण्यांत आले, आणि पुढें ते हीलांतहि परतले. तो रस्ता मात्र तेथेंच आहे.

सरकारी हुकुमानें रान राखलें जातें, यांत संशय नाहीं. परंतु त्या रानाचा एक राखणदार चार पायांचा होता, आणि त्याला आधींच घालवून दिलें होतें, एवढें आपण ध्यानांत ठेवूं या.