नरसी ते घुमान : अंतर आणि काळ

आपल्या हिंगोलीजवळच्या नरसीपासून पंजाबातील घुमान किती दूर आहे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे १३५० किलोमीटर भरते. ही विमानाची वाट. पायवाट मात्र नद्यांचे उतार आणि डोंगरांतल्या खिंडी शोधीत जाते. तिची वळणे धरून १७५० किलोमीटर मोजले आणि रोज २५ किलोमीटर चालले, तर सत्तर दिवस लागतात. मुक्काम, पाऊस आणि आजारपण यांचा हिशोब निराळाच.

परंपरा सांगते, की १२७० साली नरसीत जन्मलेले नामदेव ही वाट चालून गेले आणि घुमानला कित्येक वर्षे राहिले. त्यांच्या जन्मस्थळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांची वाणी पंजाबात रुजली, याविषयी नाहीत. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदे आली. आज गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत.

पुढे याच वाटेने उलट दिशेचा प्रवासही घडला. गुरू गोविंदसिंग गोदातीरी नांदेडला आले आणि १७०८ साली तेथेच त्यांचा देह ठेवला गेला. तेव्हापासून पंजाबातील यात्रेकरूंची पावले नांदेडकडे वळत आली आहेत. आगगाडी आली, तेव्हा मनमाड, भोपाळ, दिल्ली असा वळसा घेऊन नांदेड ते अमृतसर हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास दीड दिवसावर आला.

२००८ साली गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडच्या विमानतळाचा विस्तार झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये नांदेडहून थेट अमृतसरला विमान उडाले. या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे १४०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला, तर पावणेदोन तास होतात. चढणे-उतरणे मिळवून सव्वादोन-अडीच तास म्हणू. हिंगोलीहून नांदेडपर्यंतची मोटार, विमानतळावरची खोळंबा आणि अमृतसरहून घुमानपर्यंतचा दीड तास धरला, तरी सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोहोचावा. सत्तर दिवसांचा एक दिवस झाला!

परंतु येथे आपण जरा थांबले पाहिजे. विमानाने ही दोन गावे जवळ आणली, असे म्हणणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय. हजारो माणसांना जावेसे वाटत होते, म्हणून विमान सुरू झाले. आणि तसे वाटत होते, कारण चालत गेलेल्या माणसांनी नाते आधीच जोडून ठेवले होते. २०२० साली महामारीत देशभरची विमाने थांबली, तेव्हा या मार्गावरचे विमानही थांबले. नाते काही थांबले नाही.

एप्रिल २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी माणसे मोठ्या संख्येने तेथे गेली. थेट विमान तेव्हा नव्हतेच. आता प्रश्न आपल्याला आहे. वाटेतल्या माणसांशी बोलत, त्यांची भाषा शिकत, त्यांच्यात राहत जो गेला, त्याच्यासाठी अंतर खरोखर मिटले. अडीच तासांत आपण पोहोचू; पण उतरल्यावर तेथील माणसाशी दोन शब्द बोलता आले नाहीत, तर ते १३५० किलोमीटर आपण अजून तोडलेलेच नाहीत.